बुचाचं गॅस्केट

तुमच्या आजोबांच्या इंजिनातून तेल गळायचं. त्याचा त्रास इंजिनाला नव्हता, मला होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. गिरीज गावात आपली केळीची वाडी, वाडीत पाणी साठवायचं बावखल, म्हणजे आपलं खाजगी तळंच, आणि त्याच्या काठावर डिझेल इंजिन. ते पाणी उपसणार, तेव्हा वाडी जगणार. त्या वर्षी केळीची रोपं अगदी कोवळी होती आणि एप्रिलचं ऊन असं, की पाण्याची एक पाळी चुकली तर संपलंच.

इंजिनाच्या कुशीला एक झाकण होतं आणि फट बुजवायला त्याखाली गॅस्केटचा पातळ थर. त्याच्या फटीतून थेंब थेंब तेल टपके आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरे. मी शाळेत शिकवत होते. वहीवर शाईचा डाग पडला तरी पान फाडायला लावणारी बाई मी! मला हे कसं चालणार?

"अहो, झाकणाखालचं गॅस्केट गेलंय," मी म्हटलं. (घरात आम्ही आमची बोली बोलायचो. तुम्हाला कळावं म्हणून शाळेच्या मराठीत लिहिते.)

"अंतोन मेस्त्री लेकीच्या लग्नाला पालघरला गेलाय. पंधरवड्यानं येईल. तोवर गळू दे की."

"इंजिनाचं इंग्रजी पुस्तक आहे ना? मी बघते."

आजोबांनी पुस्तक काढून दिलं. (तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं!)

पुस्तकात लिहिलं होतं, 'योग्य पदार्थाचं गॅस्केट वापरावं.' योग्य पदार्थ कोणता, हे मात्र लिहिणाऱ्यानं मनातच ठेवलं होतं. मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. तीन कपांत इंजिनाचं तेल ओतलं. एकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दुसऱ्यात चपलेचं कातडं, तिसऱ्यात पुठ्ठा. प्रत्येक कपाला नावाची चिठ्ठी लावून तिन्ही फळीवर ठेवले.

"हे कसलं लोणचं घातलंस?" तुमच्या पणजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"लोणचं नाही, आई. तेलात काय टिकतं ते बघतेय."

"या घरात मी टिकले, तेवढं पुरे नाही का?"

तीन दिवसांनी पाहिलं. ट्यूब पुरीसारखी फुगली होती, कातडं लिबलिबीत झालं होतं आणि पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटले होते. तिघंही नापास! तेवढ्यात माझी नजर कपाटातल्या बुचाच्या चटयांवर गेली. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या भावानं, सायमननं, गरम भांडी ठेवायला परदेशातून सहा आणल्या होत्या. त्या इतक्या चांगल्या होत्या, की आम्ही त्यांवर कधी भांडं ठेवलं नव्हतं. एकीचा तुकडा तेलात टाकला. तीन दिवसांनी जसाच्या तसा! पहिल्या वर्गात पास!

आजोबांनी चार बोल्ट काढून झाकण उतरवलं. जुन्या गॅस्केटचा भुगा झाला होता, तो मी ब्लेडनं खरवडला. मग झाकण उरलेल्या चटईवर ठेवून पेन्सिलीनं कड आखली, भोकं आखली आणि मोजली.

"अहो, बोल्ट चार आणि भोकं पाच!"

"असेल काहीतरी."

"काहीतरी काय? ज्यात बोल्टच नाही ते भोक कशाला हवं? तेल तिथूनच गळत असणार!"

"अंतोनला विचारून..."

"यात विचारायचं काय? साधा हिशेब आहे."

चार भोकं मी नीट कापली. पाचवं तसंच बंद ठेवलं.

इंजिन सुरू झालं. मी झाकणाखाली पांढराशुभ्र रुमाल धरला. एक थेंब नाही! शेजाऱ्यांना हाका मारल्या. सगळ्यांनी रुमाल उलटसुलट करून पाहिला. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "शिकल्याचा उपयोग होतो म्हणायचा!" ही त्यांनी केलेली माझी पहिली स्तुती. ती वीस मिनिटं टिकली.

मग इंजिन किंचाळलं, धूर सोडला आणि जागीच जाम झालं.

आजोबा पालघरहून अंतोनला थेट मांडवातून घेऊन आले. लग्नाची कडक इस्त्रीची पँट तशीच अंगावर. त्यानं झाकण उघडलं आणि माझं गॅस्केट हातात घेऊन भोकं मोजली.

"टीचर, कापलंय छान. पाचवं भोक कुठं गेलं?"

"ते जास्तीचं होतं."

"जास्तीचं? अहो, त्यातूनच तर तेल वर चढून फिरणाऱ्या भागांना मिळतं! तुम्ही इंजिनाचा गळा दाबलात!"

"पण गळती थांबली ना?" मी हळूच म्हटलं.

"मेलेल्याला कुठला घाम, टीचर?"

इंजिनाचे भाग दुरुस्तीला मुंबईला गेले. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही सगळे बादल्यांनी रोपांना पाणी घालत होतो. मी सगळ्यात पुढे, कारण मला मागे कोणी राहूच देत नव्हतं. सासूबाई कमरेवर कळशी घेऊन दर खेपेला आजोबांना ऐकवायच्या, "तुलाच हवी होती ना शिकलेली!" चार रोपं गेली, बाकीची वाचली. माझा उजवा खांदा मात्र आजही थंडीत बोलतो.

दहाव्या दिवशी अंतोननं साध्या ब्राउन पेपरला ग्रीस लावून पाच मिनिटांत गॅस्केट कापलं, पाच भोकांचं. इंजिन धकधकू लागलं, पाटात पाणी आलं. मी वाकून पाहिलं. झाकणाच्या कडेला काळा, टपोरा थेंब जमला आणि टपकला.

"थोडं गळतंय, टीचर," अंतोन म्हणाला. "आणखी आवळू का?"

"हात लावू नकोस!" मी ओरडले. "गळतंय म्हणजे जिवंत आहे!"