डिंकबाईंचं पाणी

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंच्या पर्समध्ये पेन कधी सापडत नसे, पण धावड्याच्या डिंकाचा खडा हमखास असे. मेंदूचा धडा आला की तो खडा टेबलावर ठेवत आणि म्हणत, "मेंदूतल्या तारा सगळेच पाह्यतात. तारांच्या मधात काय आहे, हे काऊन कोणी इचारत नाई?" एटापल्लीच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नाव डिंकबाई पडलं ते त्यामुळेच.

तारांच्या मधे होतं प्रोटिओग्लायकॅन. प्रथिनाचा दांडा, त्याला लटकलेल्या साखरेच्या लांब साखळ्या, आणि पाणी धरून फुगलेलं सगळं. वाढत्या तंतूला इकडे जा, तिकडे जाऊ नको हे तेच सांगतं आणि दोन पेशींचा जोड जमवण्यातही त्याचाच हात असतो, असं बाई रंगून सांगत. एकदा नमुना म्हणून त्यांनी वाटीभर डिंक भिजवून आणला. आम्ही डिंक वेचणाऱ्या घरांतली पोरं. बाई खडू आणायला गेल्या तेवढ्यात शिक्षकांच्या चहाची साखर घालून आम्ही वाटी चाटूनपुसून साफ केली. "मेंदू खाल्ला माहा," एवढंच म्हणून त्यांनी उरलेला धडा रिकाम्या वाटीवर शिकवला.

"लहानपणी हे सैल असते. मंग पेशीभोवती याचं जाळं घट्ट होते, अन् जोडलं ते पक्कं." हा त्यांचा आवडता सिद्धांत आणि तितकीच आवडती सबब. स्कूटी येत नाही? जाळं घट्ट झालं. गोंडपिपरीहून येऊन इतकी वर्षं झाली, गोंडी येत नाही? जाळं घट्ट झालं! त्यांना एकच गोंडी शब्द येई, 'एर', म्हणजे पाणी. कुणाच्याही घरी तो ऐटीत म्हणत. पुरे कसं म्हणायचं ते ठाऊक नसल्याने मग तांब्यावर तांबे पीत बसत.

आमच्या घरी बाई अशाच पाणी पीत असताना माझ्या भावाच्या अजून बोलू न लागलेल्या मुलीच्या, सोमीच्या, पाठीमागे ताट पडलं. सगळे दचकले, सोमीने वळूनही पाहिलं नाही. "मोठी झाली का बोलंल," आई म्हणाली. बाईंचा चेहरा एकदम उतरला. "माय, जाळं घट्ट व्हायच्या आत हिच्या कानात आवाज गेला पाह्यजे. मंग लय जड जाते."

आई ऐकेना. डिंकाचे दिवस होते, जंगल सोडून दवाखान्यात कोण जाणार? बाई दर रविवारी येऊन बसू लागल्या. शेवटी त्यांना कंटाळूनच दादा सोमीला घेऊन चंद्रपूरला गेला. कानाला मशीन लागली. "घरात गोंडीच बोला, भरपूर बोला," बाईंनी बजावलं. स्वतः मात्र त्या सोमीशी मराठीत अखंड बडबडत. सोमी मशीन ओढून फेकून देई. महिने गेले, काही फरक दिसेना. उशीर झाला की काय, असं मला वाटू लागलं. बाई आता जाळ्याची गोष्ट काढतच नसत.

बाई निवृत्त झाल्या, निरोप घ्यायला आल्या. सोमी कानाला मशीन लावून, दाराकडे पाठ करून चिंचोके खेळत होती. बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि नेहमीची ऐट सोडून हळूच म्हणाल्या, "एर."

सोमीने चिंचोके खाली ठेवले. आत गेली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून, अर्धं पाणी सांडत बाहेर आली. बाई रडत रडत ते प्यायल्या. सोमी पळत जाऊन दुसरा तांब्या घेऊन आली, मग तिसरा.

पुरे कसं म्हणायचं, ते आम्ही कुणीच बाईंना सांगितलं नाही.