दरड अडवणाऱ्या फणसाचं लेणं

वीर स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि करवत, कानस, पॉलिशपेपरच जास्त होते. महाडच्या रिक्षावाल्याने पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "सुतारकामाला चाललाय काय, ताई?"

"जवळजवळ तसंच," मी म्हटलं.

नाशिकला मी लाकडाचे दागिने करते. मुंबईत औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मनालीचं लग्न ठरलं होतं आणि तिला गावच्या फणसाच्या लाकडाचं लेणं हवं होतं. ती लहान असताना पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या वाडीवर दरड कोसळली. घरामागच्या जुन्या फणसाने चिखलाचा लोंढा दोन बाजूंना फाकवला. घर वाचलं, वडील मात्र गेले. गेल्या पावसाळ्यात त्या फणसाची एक फांदी मोडून पडली. "त्याच फांदीचं करा, आणि आमच्या गावी येऊन करा," असं तिने फोनवर सांगितलं होतं.

पोलादपूरहून जीप निघाली आणि चढावर तापून थांबली. ड्रायव्हर ओढ्यावरून पाणी आणेपर्यंत आम्ही सगळे करवंदाच्या जाळीशी उभे राहिलो. खाली सावित्री नदी उन्हात बारीक झालेली दिसत होती. समोरच्या डोंगरावर मात्र दरडीचा तांबडा ओरखडा अजून तसाच होता.

मनाली माझ्या आधीच गावी पोचली होती. तिच्या आईने, पार्वतीकाकींनी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. शेजारी आठळ्यांची (फणसाच्या बियांची) भाजी होती. मी पोटभर जेवले. मग पिशवी उघडली आणि काकींचा चेहरा बदलला.

"ते लाकूड माझ्या पडवीत नको गो," त्या म्हणाल्या. "त्यानं घर राखलं, मानूस नाय राखला. पोरीच्या गळ्यात ते मी नाय बघायची."

मी हत्यारं पिशवीत भरायला लागले. आईच्या मनाविरुद्ध लग्नाचं लेणं कसं करायचं? मनालीने माझा हात धरला. "पडवीत नको म्हणाली. झाडाखाली नको, असं नाही म्हणाली."

म्हणून आम्ही फणसाखाली बसलो. डोंगराकडच्या बाजूने बुंध्याची साल सोलून गेली होती आणि मुळांत माझ्या कमरेएवढा एक धोंडा अडकून बसला होता. फांदीवर करवत चालवली तसा आतून पिवळाजर्द भुसा पडू लागला. "हळदच ही," मनाली म्हणाली.

पहिलं पदक भोक पाडताना चिरलं. दुसरंही गेलं. लाकडाच्या आत बारीक भेगा होत्या. तिसऱ्यासाठी मी जाड तुकडा घेतला आणि पानाचा आकार सोडून साधा गोल कापला. तो टिकला.

उन्हं कलली तेव्हा काकी चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्या परत जायला वळल्या, पण गेल्या नाहीत. बुंध्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

"हितंच व्हते मी," त्या म्हणाल्या. "दोनी हातांनी झाड धरलेलं. ह्यो म्हशी सोडायला पलीकडं गुरांच्या वाड्यात गेलेला. मला हाक मारली त्यानं. मी झाड नाय सोडलं."

मनालीच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. "बाबांनी हाक मारल्याचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? बाप हाक मारीत व्हता नि आय झाडाला चिकटून बसली, असं सांगू?"

मनाली उठून आईजवळ गेली.

"आई, तू झाड धरलं होतंस. आणि मी कुणाला धरलं होतं?"

काकींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या कमरेला मिठी मारून होते मी. पाय जमिनीवर नव्हतेच माझे. तू हात सोडले असतेस तर मी कुठे असते?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या खाली बसल्या. रडल्या, मोठ्याने रडल्या. मनाली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चहा तसाच निवला.

बऱ्याच वेळाने काकींनी हात पुढे केला. "दे हिकडं. कसं घासायचं ते दाव."

मी दाखवलं. त्यांनी ते पदक इतकं घासलं की वर तेलाचा हात फिरवताच ते मधासारखं चमकलं. मग चिरलेल्या तुकड्यातला एक उचलून त्या म्हणाल्या, "ह्याचा एक मनी मला कर. लहानसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा तो मणी काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी गळ्यात घातला होता. कितीतरी वर्षं त्यांचा गळा मोकळा होता, असं मनाली म्हणाली.

"बरा दिसतो काय?" काकींनी विचारलं.

"दिसतो गो, आई."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. माझ्या नखांत अजून पिवळा भुसा होता. या दागिन्यांत जुन्या झाडांचं बळ असतं, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगत आले आहे, आणि ते सांगताना माझ्या डोळ्यांसमोर जाड बुंधा, खोल मुळं असतात. आता ते शब्द आठवले की मला एक बाई दिसते. तिने दोन्ही हातांनी झाड धरलं आहे, कमरेला लेक लटकली आहे, पलीकडून हाक येते आहे, आणि ती हात सोडत नाही.