भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

एकाच मंडळीतून बाहेर पडलेली तीन माणसं एकत्र बसली की चौथ्याला बोलायला जागा उरत नाही. दर रविवारी आम्ही तिघं जाम गावच्या चौकातल्या एका हॉटेलात तर्री-पोहे खायला जमतो. ठरलेलं असतं की आज तो विषय काढायचा नाही. प्लेट येते, कोणीतरी म्हणतं, "काकाजी असते तर म्हणले असते, तर्री कमी घे," आणि झालं! बारा वाजेपर्यंत हॉटेलवाला आम्हाला उठवू शकत नाही.

तिघं म्हणजे पवनारचा वसंता, जो भाजीपाला पिकवतो. शोभाताई, ज्या सेवाग्रामला नर्स होत्या आणि आता रिटायर झाल्यात. आणि मी, सुधाकर. माझं जामला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मंडळी म्हणजे आमचं चर्च. पवनारच्या अलीकडे, रोडपासून थोडं आत, कापसाच्या जुन्या गोदामात आमची प्रार्थना व्हायची. अजूनही होते. फक्त आम्ही नसतो.

काकाजी तिथले पाळक. पास्टर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "पास्टर म्हणजे साहेब वाटते. मी तुमच्या घरचा माणूस हाय," म्हणायचे. आणि खरंच घरचे होते! कोणी कोणाशी लग्न करायचं, पोरीनं कोणत्या कॉलेजात जायचं, दिवाळीला पाहुण्यांकडे जायचं की नाही, टीव्ही कोणत्या भिंतीला लावायचा, सगळं काकाजींना विचारून. न विचारता केलं तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं. आणि मंडळी सोडून गेलेल्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्या कार्याला जायचं नाही.

मी, माझी बायको आणि आमची पोरगी प्राची चार वर्षांपूर्वी बाहेर पडलो. माझी आई आतच राहिली. या उन्हाळ्यात प्राचीचं लग्न झालं, आणि तिची आजी लग्नाला येणार की नाही, हा एकच प्रश्न तीन महिने आमच्या घरात घुमत होता. म्हणून सध्या हे किस्से जास्तच वर येतात.

*

मंडळीत माझ्याकडे माइक आणि खुर्च्या, अशी दोन कामं होती. माइकचं काही नाही, पण खुर्च्यांनी माझा जीव काढला! काकाजींना रांग सरळ लागायची. सरळ म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून सरळ. प्रवचन ऐन रंगात आलेलं असायचं, बायका डोळे पुसत असायच्या, आणि काकाजी मध्येच थांबून म्हणायचे, "सुधाकर, तिसरी रांग चार बोटं पुढं हाय." मग मी उठून, त्यावर बसलेल्या माणसासकट खुर्ची मागे ओढायचो. त्यानंतर प्रवचन पुढे सुरू.

एकदा दोन जावांचं पंख्याखालच्या जागेवरून भांडण झालं. काकाजींनी मला रंगाचा डबा आणायला लावला आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नाव लिहायला सांगितलं. भांडण मिटलं. पण खुर्चीला नाव आलं म्हटल्यावर माणूस गेला की त्या खुर्चीचं काय करायचं, हा प्रश्न आला.

पहिला गेला तो वसंता. चुलतभावाच्या लग्नाला हिंगणघाटला न विचारता गेला, आणि रविवारी उभं राहून कबूल करायला नाही म्हणाला. काकाजींनी मला सांगितलं, "त्याची खुर्ची भिंतीले लाव. तोंड भिंतीकडं कर." मी लावली. मग विचारलं, "काकाजी, नाव पुसून टाकू का?"

काकाजी माझ्याकडे बघतच राहिले. "कायले पुसतं? परत आला तं पुन्हा लिहत बसशील का?"

वसंता परत गेला नाही. पण दर शनिवारी मी सगळ्या खुर्च्या पुसायचो तेव्हा त्याचीही पुसायचो. ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

*

वसंता आत होता तेव्हाची गोष्ट. एका वर्षी त्याला प्रश्न पडला की फ्लॉवर लावायचा की वांगी. बायको म्हणाली वांगी. वसंता काकाजींकडे गेला. काकाजींनी तीन दिवस प्रार्थना केली आणि निरोप पाठवला, "फ्लॉवर."

फ्लॉवरवर अशी अळी पडली की पानांची जाळी झाली. शेजारच्या वावरात वांगी लोंबत होती! वसंतानं एक किडका गड्डा पिशवीत घालून थेट काकाजींच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाला, "काकाजी, हे पाहा तुमचं फ्लॉवर."

काकाजींनी गड्डा उलटासुलटा करून पाहिला. अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "वसंता, देवानं मले फ्लॉवर सांगतलं होतं. अळीचं तो काही बोलला नाई."

वरून दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता स्वतः पाठीवर पंप घेऊन वसंताच्या वावरात फवारणीला हजर! दोन दिवस फवारत होते. फ्लॉवर वाचला नाही, काकाजींच्या हाताला मात्र पुरळ आलं. वसंता हा किस्सा सांगतो तेव्हा आधी शिवी घालतो आणि मग पुरळ कुठवर आलं होतं ते स्वतःच्या हातावर दाखवतो.

*

शोभाताईंचा किस्सा त्यांनीच सांगावा, पण त्या अर्ध्यात रडतात, म्हणून मी सांगतो.

त्यांच्या मिस्टरांना पोटाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट केलं होतं. काकाजी पहिल्या दिवसापासून बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले. नऊ दिवस! तिथेही स्वस्थ बसवेना. भेटायला आलेल्या लोकांची त्यांनी लाइन लावली. एकदा दोन माणसं, पाच मिनिटं, चपला बाहेर. बाकीच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा त्यांना विचारून आत जायला लागले.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

काकाजी ताठ उभे राहिले. "याहीचे सगळे निर्णय मी घेतो."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "मग इथे सही करा."

काकाजींनी पेन हातात घेतलं. चष्मा लावला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि परत पहिल्या ओळीवर आले. ज्या माणसानं चाळीस घरांची लग्नं ठरवली, त्याच्या हातून सही होईना! शेवटी त्यांनी कागद शोभाताईंकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "शोभा, तूच पाय. नवरा तुहा हाय."

शोभाताई म्हणतात, "बारा वर्षांत त्यांनी मला स्वतः ठरवायला सांगितलेली ती एकच गोष्ट!"

*

आता माझा नंबर. एका दुपारी मी मोटरसायकलवर वर्ध्याला निघालो होतो. पवनारच्या बसस्टॉपवर वसंता भेंडीचं पोतं घेऊन उभा. बस गेलेली, ऊन असं की डांबर वितळत होतं. मी गाडी थांबवली, तो बसला, मी त्याला मार्केटला सोडलं. एवढाच माझा गुन्हा.

रविवारी काकाजींनी मला उभं केलं. "वसंताशी बोलला का?"

"नाई काकाजी. गाडीवर बसवलं फक्त. हेल्मेट होतं, बोलणार कसं?"

"म्हणजे पवनार ते वर्धा तुम्ही दोघं गप्प गेले?"

"हो."

"वसंता गप्प?"

सगळी मंडळी हसली. काकाजींनाही हसू आलं होतं, मी पाहिलं. पण मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "चुकलो म्हण, आणि बस." मला का कोण जाणे, ते म्हणता आलं नाही. उन्हात उभा असलेला माणूस गाडीवर घेणं चूक आहे, हे तोंडातून निघेना. काकाजींनी भिंतीकडे बोट केलं.

"सुधाकर, खुर्ची भिंतीले लाव."

मी सवयीनं विचारलं, "कोणाची?"

"तुही."

मी लावली! चौदा वर्षांची सवय हो. स्वतःची खुर्ची उचलून वसंताच्या बाजूला ठेवली, तोंड भिंतीकडे केलं, माझ्या जागी पडलेली फट बुजवायला बाकीची रांग सारखी केली, माइकचा आवाज जरा कमी केला, कारण शिट्टी मारत होता, आणि मग बाहेर पडलो. मागून माझी बायको आणि प्राची आल्या. आई आली नाही.

*

आई पवनारला एकटी राहते. नियमाची पक्की. मी दर बुधवारी तिच्याकडे जायचो, ती दार उघडायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या बुधवारी तिनं मार्ग काढला. अंगणात तिची शेळी बांधलेली असते, राणी नावाची. आई शेळीकडे तोंड करून म्हणाली, "राणे, त्याले सांग, वांग्याची भाजी केली हाय, जेवून जा म्हणा."

मी म्हटलं, "राणे, आईले सांग, मीठ कमी टाक, बीपी वाढून राह्यला तिचा."

चार वर्षं आम्ही असे बोललो! प्राचीची बारावी, बायकोचं आजारपण, दुकानाचं नवीन शटर, सगळं त्या शेळीला माहीत आहे.

एका बुधवारी मी ओट्यावर जेवत बसलो होतो, आई शेळीला सांगत होती की त्याला अजून एक पोळी लागेल का विचार, आणि फाटकात काकाजी! आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ शेळीसमोर जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"शेळी," ते म्हणाले, "त्याले विचार, माइक लय खरखर करून राह्यला. काय करावं?"

मी शेळीला सांगितलं की मागची काळी पिन काढून, पुसून, परत घट्ट बसवायची. काकाजींनी मान हलवली, शेळीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि गेले. पुढच्या बुधवारी आईनं राणीमार्फत कळवलं की माइक सुधारला.

*

बाहेर पडून आम्ही मोकळे झालो, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. मागे मी दोन रविवार हॉटेलात गेलो नाही. तिसऱ्या रविवारी पोचलो तर शोभाताई घड्याळ बघत बसलेल्या. "दोन रविवार काऊन नाई आला? सांगता येत नव्हतं का?" मी चक्क उभा राहिलो आणि कारण सांगायला लागलो! वसंता पोहे खाता खाता म्हणाला, "चुकलो म्हण, आणि बस."

शोभाताईंचा चेहरा पडला. मग तिघंही इतके हसलो की बाजूच्या टेबलवरचे ट्रकवाले बघायला लागले. मला काकाजींचा राग येतो. खूप येतो. आणि त्यांची आठवणही येते. घरात काही मोठं ठरवायचं असलं की अजूनही हात फोनकडे जातो.

*

प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका घेऊन आईकडे गेलो आणि शेळीसमोर धरली. शेळीनं कोपरा खाल्ला. आई राणीला म्हणाली, "त्याले सांग, काकाजीले विचारतो."

पुढच्या बुधवारी: "त्याले सांग, काकाजी म्हणले, प्रार्थना करून राह्यलो." त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. लग्नाच्या आदल्या दिवशीही तेच. प्राचीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "पप्पा, आजी आली नाही तर मी रडणार, मेकअप गेला तरी चालेल."

लग्न गुरुवारी होतं, जामजवळच्या एका लॉनवर. अकरा वाजत आले. मी गेटवर पाहुण्यांना हात जोडत होतो आणि प्रत्येक ऑटोत वाकून बघत होतो. तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. पुढे काकाजी, मागे नव्या हिरव्या साडीत आई, त्यांचा खांदा घट्ट धरून!

काकाजींनी गेटमध्ये स्कूटर लावली आणि माझ्या बाजूच्या खांबाला सांगितलं, "मी लग्नाले नाई आलो. बाईले सोडाले आलो. इंजिन गरम झालं, थंडं झालं की जातो."

आई उतरली. इकडे तिकडे पाहिलं. लॉनवर शेळी कुठून असणार? मग ती सरळ माझ्यापर्यंत आली, माझी हनुवटी हातात धरली आणि म्हणाली, "काऊन इतका वाळला रे, बापू?"

चार वर्षांनी. मी सूट घालून, सगळ्या व्याह्यांसमोर, ढसाढसा रडलो. प्राची स्टेजवरून पळत आली आणि मेकअपचं जे व्हायचं ते झालं.

लग्न लागलं, पंगती सुरू झाल्या, तेव्हा मला काकाजी आठवले. स्कूटर तिथेच होती. शोधलं तर लॉनच्या एका टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी, एक खुर्ची फिरवून, स्टेजकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून काकाजी बसलेले. मांडीवर जेवणाची प्लेट. कोणी वाढलं, ते अजून कळलं नाही. शांतपणे बुंदी खात होते.

वसंतानं एक खुर्ची उचलली, त्यांच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसला. मग शोभाताई आपली खुर्ची घेऊन आल्या. मग मी. चौघंही कोऱ्या भिंतीकडे बघत बसलो.

काकाजींनी बुंदी संपवली. प्लेट खाली ठेवली. मग मान जराशी पुढे काढून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"सुधाकर."

"जी, काकाजी."

"वसंता चार बोटं पुढं हाय."

मी उठलो.