पुढच्या दाराने

घरमालकीण काकूंनी ओट्यावर बादली उपडी केली तेव्हा माझी आई अजून ओट्यावरच उभी होती. पाणी तिच्या पायांवरून, पायऱ्यांवरून खाली अंगणात आलं. अंगणात मोजणीवाले होते, साखळी धरलेले दोन गडी होते, शेजारचे चिकूवाडीवाले होते आणि मी होते. सगळ्यांनी पाहिलं. मग काकूंनी खराटा घेतला आणि आईच्या भोवतीनं ओटा खसाखसा घासला. आई एक एक पाय उचलून त्यांना जागा करून देत होती.

पाण्याचं एक वेळ सोडून देईन. ते पाय उचलणं मला अजून सहन होत नाही.

महाराष्ट्र वेगळा झाला त्यानंतरची ही गोष्ट. मी सरावलीच्या शाळेत मास्तरीण होते. आमच्या आळीत सरकारी पगार घेणारी पहिली. राहायला मात्र डहाणूच्या किनाऱ्यावर, कुडाच्या घरात. बाबा गेले, होडी विकली गेली, आई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासळी विकायची. समुद्र दर पावसाळ्यात उधाणाला अंगण खात पुढे यायचा. मोजणीच्या आदल्या पावसाळ्यात तो चुलीपर्यंत आला. भिजलेल्या चुलीपुढे बसून आई म्हणाली, "बाय, आता पक्का घर बघ. मना सुक्यात मराचाय."

एवढंच मागितलं तिनं. जन्मात पहिल्यांदा.

शाळेजवळच एक कौलारू घर विकायचं होतं. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलाकडे बडोद्याला निघालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत. मी बोलायला गेले तर त्यांनी खुर्ची दिली, त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला, कपबशीतून. माझी शुद्ध भाषा ऐकून साहेब खूश झाले. म्हणाले, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही हो."

मी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, चहा गरम आहे.

भाव ठरला. शेजारच्या चिकूवाडीचं कुंपण दरवर्षी थोडं थोडं आत सरकतं अशी गावात कुजबुज होती, म्हणून मी म्हटलं, आधी सरकारी मोजणी होऊ दे, हद्द कळू दे, मगच बयाणा देईन. साहेब हसले. "मास्तरीणबाई पक्क्या आहात." अर्ज केला, तारीख मिळाली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मोजणीला मी पण येणार.

ती का येणार ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात होडी घ्यायची झाली की थोरली बाई आधी होडीवर हात फिरवते. फळी ठोकून बघते, सांध्याचा वास घेते, तळाला तळवा लावते. ती हो म्हणाली तरच पुरुष पुढचं बोलतात. बाबांची होडी आजीनं अशीच पसंत केली होती. आता घरात थोरली आईच. पोरगी घर घेतेय तर ते तिच्या हाताखालून जायला नको?

मोजणीच्या दिवशी ती फेरी आटपून तशीच आली. रिकामी पाटी कुंपणापाशी ठेवली, हात धुतले, पदर सारखा केला आणि सरळ पायऱ्या चढून ओट्यावर गेली. चौकट ठोकली. भिंतीला तळवा लावला. खाली वाकली, फरशीला तळवा लावला. तिचा चेहरा असा खुलला होता की मोजणी सोडून मी तिच्याकडेच बघत राहिले.

आतून काकूंचा आवाज आला. "अगं ए, पुढून कुठे शिरतेस? मागे ये. काय आणलंयस आज?"

कारण आई त्या घरी वर्षानुवर्षं मासळी द्यायची. मागच्या दाराशी, विहिरीच्या अलीकडे उभी राहून. त्या घरात पापलेट चालायचं. ते थेट माजघरापर्यंत जायचं, पानात बसायचं, त्याचं कौतुक व्हायचं. ते आणणारी मागच्या उंबऱ्यापर्यंत.

आई म्हणाली, "आज मासली नाय, बाय. घर बघाला आली."

"घर? कुणाचं घर?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "माझे पोरीचा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला चहा दिला होता, वाटेत भेटल्या की शाळेची चौकशी करायच्या. त्या काही न बोलता आत गेल्या आणि बादली घेऊन आल्या.

साहेबांना ते आवडलं नाही, हे खरं. चेहरा पडला त्यांचा. ते मला आंब्याखाली बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात समजावू लागले. "तिचं मनावर घेऊ नका. जुनी माणसं. घर तुम्हालाच देणार, शब्द म्हणजे शब्द. हवं तर थोडं कमी करतो. फक्त एक बघा. तुमच्या आईचं येणं-जाणं मागच्या दाराने ठेवा. आजूबाजूला चार चांगली घरं आहेत, त्यांना मी काय तोंड दाखवू? मागचं दार मोठं करून घ्या, मी सुतार देतो."

सुतार देतो म्हणाले. उपकार केल्यासारखे.

तिकडे मोजणीवाले खोळंबले होते. त्यांच्यातला एक कपाळ पुसत माझ्याकडे आला. "बाई, हद्द निघाली. खुंट्या ठोकू का?"

मला भयंकर राग आला होता. डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं आली. पाहुणे पुढून येतील. मी पुढून येईन. आणि जिनं पाटी वाहून मला शिकवलं ती विहिरीला वळसा घालून, ओल्या पायांनी, माझ्याच घरात मागून शिरेल. मग एक दिवस मीच तिला ओरडेन, अगं, पुढून कुठे?

"नको," मी म्हटलं. "साखळी गुंडाळा."

साहेब म्हणाले, "अहो, शिकलेल्या आहात. व्यवहार बघा."

"तोच बघतेय. तुम्ही मला अर्धं घर विकताय."

मी ओट्यावर गेले, आईचा हात धरला आणि तिला पुढच्याच पायऱ्यांवरून खाली आणलं.

कुंपणापाशी पोचलो आणि आई माझ्यावरच उखडली. "घर का सोडला? मी गेली असती मागल्या दारानी. आख्खा जल्म गेला मागल्या दारानी. मना काय त्याचा?" पाटी उचलली आणि पुढे चालू पडली. कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला ते लागलं. पण ती जे म्हणाली तेच माझं कारण होतं. आख्खा जन्म गेला.

त्या पावसाळ्यात आमच्या घराची समुद्राकडची भिंत गेली. आईला सुकं घर मी दिलं नाही, हे लोकांनी मला बोलून दाखवलं. मामाच्या पडवीत राहिलो, कोपऱ्यात चूल मांडून. आईला खोकला धरला तो सुटेना. माझ्या ताठपणाची किंमत ती मोजत होती आणि मी बघत होते. फुकट काही नव्हतं.

तरी घरं बघणं मी थांबवलं नाही. घोलवडला एकाने सगळं कबूल केलं, मग आईबद्दल कळल्यावर जागा भाच्याला द्यायची ठरली. मी ठरवलं, कळायला वेळच ठेवायचा नाही.

तलासरीला हायवेजवळ एक घर आहे असं समजलं. आईला घेऊन बसने गेले. ती कशीबशी तयार झाली होती. उतरल्यावर म्हणाली, "तू जा, बोल. मी झाडाखाली बसते."

"नाही," मी म्हटलं. "तू माझ्यापुढे चाल."

गुजराती मालकाने दार उघडलं. त्याला आधी आई दिसली, मग मी. मी नमस्कार केला आणि भाव विचारायच्या आधी सांगितलं, "ही माझी आई. मासळी विकते. घरात पुढच्या दाराने येणार. चालत असेल तर आत येतो."

तो चुळबुळला. "बेन, मला काय वांधो नाय. पण आजूबाजूवाले..." आणि नजर जमिनीकडे.

"तिच्याकडे बघून सांगा," मी म्हटलं.

त्याला बघावं लागलं. "नाय जमणार," तो तिच्याकडे बघत म्हणाला. आईनेही त्या वेळी नजर खाली घातली नाही.

आम्ही निघालो. घर अजून मिळालेलं नाही. पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभी राहणार आहे, आई पुढे, मी मागे. ज्याला नाही म्हणायचंय त्याने तिच्या तोंडावर म्हणावं. आणि जे घर तिला पुढून आत घेणार नाही, ते फुकट दिलं तरी मी घेणार नाही.