ईशान्येच्या पायऱ्या

नांदेडला नदीच्या दक्षिण काठावर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग गिरणी आहे. त्या सगळ्या जागेवर घरं, दुकानं, शाळा, बाग अशी अख्खी वस्ती वसवायची होती आणि तिचा आराखडा लातूरच्या माझ्या छोट्या ऑफिसात आला. मालक कोण हे कळल्याबरोबर मी हो म्हणून टाकलं. लोकांना वाटलं, माहेरची ओढ. ओढ कसली, त्या माणसावर मी लहानपणापासून दात धरून होते.

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं धुणं नदीवर जातं. गोधड्या, चादरी, पडदे, काही मागं राहत नाही. जिनिंगच्या मागच्या पायऱ्यांवर मोहल्ल्यातल्या बाया धुवायच्या आणि प्रत्येकीचा दगड ठरलेला असायचा. एका वर्षी मालकाच्या पोरानं कारभार हातात घेतला आणि ऐन त्या दिवसांत तारेचं कुंपण घातलं. माझी माय तारेखालून आत गेली. तिनं धुऊन वाळत घातलेल्या गोधड्या त्यानं चिखलात फेकायला लावल्या आणि बुटासकट वरून चालत गेला. त्या वर्षी आमचे घट पारोशा घरात बसले. पुढं घरात जे जे वाईट झालं, ते मायनं त्याच घटांच्या माथी मारलं. नदीवर ती पुन्हा गेली नाही. मला तिचा दगड तिला परत द्यायचा होता, आणि तोही त्याच्या डोळ्यांदेखत.

आता तो शेठ झाला होता. त्यानं मला ओळखलं नाही, चहा मात्र अगत्यानं पाजला. नदीकाठ फक्त आतल्या लोकांसाठी, बाहेरच्यांचं पाऊल नको, असं त्याचं म्हणणं. पूररेषेच्या आत बांधता येत नाही आणि काठाला सार्वजनिक वाट सोडल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही, हे मी समजावलं. मग ती नाल्याकडच्या कोपऱ्यात ढकला, म्हणाला. मी मान डोलावली आणि वाट पाहत राहिले.

पुढच्या बैठकीला त्यानं वास्तुवाले पंडितजी आणले. नदी उत्तरेला, म्हणजे भाग्यच, असं ते म्हणाले. पण ईशान्य कोपरा मोकळा हवा, पाण्याकडं उतरता हवा, तिथं भिंत नको, कुंपण नको, फाटक तर नकोच. शेठच्या स्वतःच्या घराची मोठी खिडकी त्याच कोपऱ्यावर उघडावी आणि दिवसा कधी बंद होऊ नये. जुन्या पायऱ्या नेमक्या ईशान्येला होत्या. मला पंडितजींच्या पाया पडावंसं वाटलं.

कोपरा उघडाच ठेवायचा तर सार्वजनिक वाटही तिथूनच नेऊ, मी साळसूदपणे सुचवलं. एका दगडात दोन पक्षी म्हणून शेठ खूश. मी नकाशावर पायऱ्या दाखवल्या, धुण्याचे दगड दाखवले, वाळवणाचे कठडे दाखवले, काही लपवलं नाही. तो रंगीत चित्रातले दिवेच बघत बसला. घरी नवऱ्यानं नकाशा पाहिला आणि विचारलं, "सूड घेऊन राहिलीस का?"

"हाव," मी म्हटलं.

बाकी वस्ती अजून विटा-वाळूतच आहे. पायऱ्या आणि शेठचं घर तेवढं आधी झालं. माय आता लातूरला माझ्याकडंच असते; यंदा घट बसायच्या आधी तिला नांदेडला घेऊन गेले आणि वाटेत पंडितजींचं सगळं सांगितलं. घरात वॉशिंग मशीन असताना तिनं धुतलेल्या गोधड्यासुद्धा बांधून घेतल्या. तिचा दगड मी कुणाला हलवू दिला नव्हता. तिनं तो हातानं चाचपला आणि पदर खोचला. मोहल्ल्यातल्या बायाही धुण्याच्या पाट्या घेऊन उतरल्या. थोड्या वेळात सगळे कठडे भरले.

शेठ खिडकीत आला. मग खाली येऊन मला म्हणाला, मॅडम, हे काय चाललंय, बायांना हटवा. सार्वजनिक वाट आहे, तुम्हीच दिली, मी सांगितलं. आणि ज्यासाठी इतकी वर्षं थांबले होते तेही बोलून घेतलं.

"तुम्ही बुटानं तुडवल्या त्या गोधड्या हिच्या. ही माझी माय."

त्याचा चेहरा पडला. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. तो वर गेला आणि खिडकीच्या कडीला हात घातला. मायनं सगळ्यात मोठी गोधडी बरोबर त्याच्या समोरच्या कठड्यावर पसरली आणि वर पाहिलं.

"लाव की. तुझीच ईशान्य हाय."

त्याचा हात कडीवर तसाच राहिला. खिडकी काही त्यानं लावली नाही.