मी बुजवलेली जखम
मला स्वच्छतेचं वेड होतं, आणि त्याचा ताठाही होता. आबांच्या धोतरावर मांडीपाशी रोज पिवळा डाग पडायचा, तो मला स्वतःचाच अपमान वाटे.

आबा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या एका गिरणीत कामगारांवर देखरेख करणारे जॉबर होते. शिडीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी आत पोलादी पट्टी घालून ते स्क्रूंनी जोडलं. वर्षभरात आबा चालू लागले. पण टाक्यांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलं आणि त्यातून दोन-चार थेंब पाझरत राहिले. ताप नाही, ठणका नाही. लोकांच्या जाजमावर डाग पडेल म्हणून आबांनी भजनाला जाणं सोडलं, तेव्हा मी कंबर कसली. राळेचं मलम घोटून भरायचं, वर गच्च बांधायचं. पंधरा दिवसांत भोक बुजलं! मी शिरा केला, आणि आबा नवं धोतर नेसून भजनाला जाऊन आले.

आठवड्याच्या आत मांडी टरटरून फुगली, ताप भरला. टांग्यात घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी खपली नुसती उचलली आणि पू असा उसळला की खालची चादर भिजली. मग त्यांनी एक बारीक सळई त्या भोकातून आत सारली. बोटभर गेली आणि टक् असं वाजलं. भांड्याला भांडं लागावं तसं, आणि तेही माझ्या बापाच्या मांडीतून! मी तोंडात पदर कोंबला.

"पू थेट पोलादापर्यंत गेलाय," डॉक्टर म्हणाले. "हाडही सडलंय. वाहत होतं तेव्हाच दाखवलं असतं, तर पट्टी काढून भागलं असतं. आता पाय वाचेल असं वाटत नाही. कुणी बुजवलं हे?"

"म्याच," आबा म्हणाले. "पोरगी नगं म्हनत हुती की. म्या आयकलं न्हाय."

जंतू मारणारी आजची औषधं तेव्हा नव्हती. पाय मांडीपासून कापला. आबा पुढे नऊ वर्षं जगले आणि विचारेल त्याला हेच सांगत राहिले. मी चहा घेऊन तिथंच उभी असायची. एकदाही तोंड उघडलं नाही.