क्लेटनमधलं सासऱ्यांचं कोर्ट

सासरे दोन महिन्यांसाठी परदेशात, क्लेटनला आमच्याकडे आले आणि कोरोनाचं लॉकडाउन लागून विमानं बंद झाली. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाला घरात बसवून ठेवायचं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यातच राहिल्या होत्या. रोज व्हिडिओ कॉलवर सासरे त्यांना दोनच प्रश्न विचारायचे: गॅस आला का आणि पाणी किती वाजता आलं. त्यापलीकडे चौकशी नाही.

त्यांचा वेळ जावा म्हणून मी एका फ्रेंच दिग्दर्शकाचे जुने सिनेमे लावले. हा गृहस्थ आधी वकिली करायचा हे कळल्यावर सासऱ्यांनी त्याला आपल्यातला मानलं. सिनेमांत बहुतेक वेळा कोर्ट, आरोपी, ज्यूरी. निकाल जवळ आला की सासरे रिमोटने सिनेमा थांबवायचे. मी पोळ्या लाटता लाटता आरोपीची बाजू मांडायची आणि मग ते निकाल द्यायचे. आरोपी दोषीच. पुढे सिनेमात तो सुटला, तर चूक दिग्दर्शकाची.

आम्ही त्याचे सिनेमे क्रमाने पाहत होतो. सुरुवातीला तो कायद्यातल्या चुका दाखवून तावातावाने भांडायचा. पुढे पुढे मात्र त्याला वेगळीच शंका यायला लागली, की एका माणसाने दुसऱ्याचा न्याय करावाच कसा? सासऱ्यांना हे मुळीच पसंत नव्हतं.

"वय झालं की माणूस ढिला पडतो," ते म्हणाले. स्वतः ऐंशीला टेकले होते.

आमच्या समोर एक ग्रीक आजी एकट्या राहायच्या. घरापासून पाच किलोमीटरबाहेर जायला आणि कुणाच्या घरी जायलाही बंदी होती, तरी त्यांची मुलगी रोज दुपारी यायची. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून येते, हे आजींनीच मला कुंपणापलीकडून कौतुकाने सांगितलं होतं. दोघी पायरीवर बसून कॉफी प्यायच्या आणि खिदळायच्या. खिडकीशी बसून ऑफिसचं काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या अंगाचा ते पाहून तिळपापड व्हायचा.

एका दुपारी त्याने फोन हातात घेतला. "धिस इज नॉट ऑन, हे चालायचं नाही. आपण सगळे रूल्स पाळतोय आणि यांची रोज पार्टी! मी पोलिसांना रिपोर्ट करतो. फाइन बसला की येणं बंद होईल."

"अरे, त्या आजींना दुसरं आहे कोण?"

"बाबांना विचार. बाबा, रूल इज रूल. करू ना फोन?"

मी मनातल्या मनात हरलेच होते. उद्यापासून ती पायरी रिकामी, असं धरूनच चालले. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि समोरच्या पायरीकडे पाहिलं. तिकडे मुलगी आईची शाल नीट करत होती.

"हे प्रकरण माझ्यापुढे नको," ते म्हणाले.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"न्यायाधीशाचा स्वतःचा संबंध असेल तर त्याने बाजूला व्हायचं असतं."

"तुमचा काय संबंध?"

त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

"तुझी आई तिकडे एकटी आहे. आत्ता कोणी म्हणालं, नियम मोडा आणि जा तिच्याकडे, तर मी चपला घालायलासुद्धा थांबणार नाही."